विश्लेषण : ‘पीटर रॅबिट’ची लेखिका तीन वेळा स्वतःच प्रकाशक का झाली?

लहान मुलांसाठी गोष्ट लिहायची, चित्रेही आपणच काढायची, मग प्रकाशकांचे उंबरे झिजवायचे आणि कोणीच दाद देत नाही म्हटल्यावर पदरमोड करून पुस्तक छापायचे, हा अनुभव आजच्या अनेक लेखक-चित्रकारांना नवा नाही. त्यात एक सल असतेच. प्रकाशकांनी नाकारलेले पुस्तक कमअस्सल असणार, असा समज वाचकांमध्ये असतो आणि कधी कधी लेखकाच्या मनातही. जगातील सर्वाधिक खपलेल्या बालपुस्तकांपैकी एक असलेले ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’ मात्र १९०१ साली असेच लेखिकेच्या खर्चाने, अवघ्या २५० प्रतींत छापले गेले. बिआट्रिक्स पॉटर यांनी पुढे यश मिळाल्यानंतरही आणखी दोनदा हाच मार्ग धरला, आणि प्रत्येक वेळी कारण वेगळे होते. ती कारणे कोणती आणि त्यातून त्यांनी काय मिळवले, याचा हा आढावा.

बिआट्रिक्स पॉटर कोण होत्या?

हेलन बिआट्रिक्स पॉटर यांचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडनमधील साउथ केन्सिंग्टन भागातला. वडील रूपर्ट पॉटर बॅरिस्टर होते. पण वकिलीपेक्षा छायाचित्रणात आणि चित्रकारांच्या सहवासात त्यांचे मन अधिक रमे. प्रसिद्ध चित्रकार जॉन एव्हरेट मिले हे त्यांचे स्नेही. आई-वडील दोघांच्याही घराण्यांचा पैसा इंग्लंडच्या उत्तरेकडील सुती कापडाच्या धंद्यातून आलेला. ज्या कापडाविरुद्ध पुढे आपल्याकडे स्वदेशीची चळवळ उभी राहिली, त्याच गिरण्या आणि छपाई कारखान्यांच्या प्रदेशातली ही श्रीमंती. घरात नोकरचाकर होते, पण मुलीला शाळेत पाठवण्याची रीत नव्हती. बिआट्रिक्स घरीच शिक्षिकांकडून शिकल्या. बरोबरीचे कोणी नाही. सोबत सहा वर्षांनी धाकटा भाऊ बर्ट्राम आणि दोघांनी पाळलेले ससे, उंदीर, वटवाघळे, बेडूक आणि साळिंदरासारखा काटेरी, पण आकाराने लहान असा हेजहॉग.

हे प्राणी दोघांच्या लाडाचे होतेच, पण ते बिआट्रिक्स यांच्या अभ्यासाचे विषयही होते. त्यांची हालचाल, हाडांची ठेवण, कान आणि पंजे यांची चित्रे त्या तासन् तास काढत. म्हणूनच पुढे त्यांच्या पुस्तकांतील ससा निळा कोट घालून उभा राहिला तरी तो सशासारखाच दिसतो. उन्हाळ्यात कुटुंब तीन-तीन महिने स्कॉटलंडला आणि १८८२ पासून अधूनमधून इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तळ्यांच्या मुलखात मुक्कामाला जाई. तिथेच हार्डविक रॉन्सली या धर्मोपदेशकांशी परिचय झाला. निसर्ग आणि जुन्या वास्तू जपण्यासाठी १८९५ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल ट्रस्ट’च्या तीन संस्थापकांपैकी ते एक. पॉटर यांच्या आयुष्यात त्यांची भूमिका पुढे दोनदा महत्त्वाची ठरली.

विशीतील पॉटर यांच्याकडे वेळ होता, कौशल्य होते, पण स्वतःचे म्हणता येईल असे उत्पन्न नव्हते. अविवाहित मुलीने आई-वडिलांच्या घरी राहावे, घर सांभाळावे आणि वडीलधाऱ्यांच्या सोयीने प्रवास करावा, ही त्या वर्गाची अपेक्षा. पंधराव्या वर्षाच्या सुमारास सुरू केलेली रोजनिशी त्यांनी स्वतः बनवलेल्या सांकेतिक लिपीत लिहिली, यावरून त्या घरात खासगीपणा किती दुर्मीळ होता याची कल्पना येते. ती लिपी उलगडायला १९५८ साल उजाडले.

पुस्तकाआधी त्यांनी काय प्रयत्न केले?

पहिली कमाई १८९० सालची. आपल्या पाळीव सशाला समोर ठेवून काढलेली शुभेच्छापत्रांची चित्रे त्यांनी ‘हिल्डेशायमर अँड फॉकनर’ या व्यवसायसंस्थेला सहा पौंडांना विकली. चार वर्षांनी एका बेडकाच्या मासेमारीची चित्रे अर्न्स्ट निस्टर या प्रकाशकाकडे गेली, तीही एकरकमी सौद्यात. बारा वर्षांनी त्याच बेडकाचे पूर्ण पुस्तक करायचे ठरले, तेव्हा आपलीच जुनी चित्रे त्या प्रकाशकाकडून परत मिळवावी लागली. चित्र विकणे वेगळे आणि चित्रावरचा हक्क विकणे वेगळे, हा धडा त्यांना इथे मिळाला.

दुसरा प्रयत्न विज्ञानाचा होता. पॉटर यांनी अळिंबीची म्हणजे बुरशीवर्गातील जीवांची शेकडो अचूक चित्रे काढली, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू रुजताना पाहिले आणि त्यावर निबंध लिहिला. त्यांचे काका सर हेन्री रॉस्को नामवंत रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी क्यू येथील वनस्पती उद्यानाची दारे त्यांच्यासाठी उघडली. पण तिथल्या अधिकाऱ्यांनी या हौशी संशोधिकेला फारसे महत्त्व दिले नाही. १ एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीसमोर तो निबंध मांडला गेला, पण पॉटर तिथे नव्हत्या. स्त्रियांना सभासदत्व नव्हते आणि सभेलाही बसता येत नव्हते. निबंध मागे घेतला गेला, छापला गेला नाही आणि आज तो उपलब्धही नाही. शंभर वर्षांनी त्याच संस्थेने आपल्या पूर्वसुरींच्या वागणुकीबद्दल खेद व्यक्त केला. तिशी ओलांडलेल्या पॉटर यांच्यासाठी मात्र एक रस्ता तेव्हाच बंद झाला.

पीटर सशाची गोष्ट कुठून आली?

ती पुस्तकासाठी लिहिलेलीच नव्हती. पॉटर यांच्या एकेकाळच्या शिक्षिका ॲनी मूर लग्नानंतर संसारात गुंतल्या होत्या. त्यांच्या मुलांना पॉटर नियमितपणे चित्रमय पत्रे पाठवत. थोरला नोएल पाच वर्षांचा असताना आजारी पडला. ४ सप्टेंबर १८९३ रोजी स्कॉटलंडमधील डंकेल्डजवळून पॉटर यांनी त्याला पत्र लिहिले. सांगण्यासारखी काही बातमी नव्हती, म्हणून चार सशांची गोष्ट सांगितली. आईने बजावूनही मॅक्ग्रेगर नावाच्या माळ्याच्या मळ्यात शिरलेला, भरपेट खाऊन पकडला जाता जाता वाचलेला आणि कोट-बूट तिथेच टाकून पळालेला पीटर त्या पत्रात पहिल्यांदा अवतरला. दुसऱ्याच दिवशी धाकट्या भावाला बेडकाची गोष्ट गेली.

सात वर्षांनी, ही पत्रे मुलांनी जपून ठेवली आहेत असे पाहून ॲनी मूर यांनीच त्यांची पुस्तके करण्याचे सुचवले. पॉटर यांनी नोएलकडून पत्र परत मागून घेतले, नक्कल केली, गोष्ट वाढवली आणि चित्रे नव्याने काढून हस्तलिखित तयार केले.

यातली एक गोष्ट आजही बालपुस्तके करणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. गोष्टीचा पहिला वाचक खराखुरा होता. त्याचे वय, त्याचे आजारपण, त्याला काय हसवेल हे लेखिकेला ठाऊक होते. बाजारात काय चालते याचा अंदाज बांधून ती लिहिली गेली नव्हती.

प्रकाशकांनी नकार का दिला?

किमान सहा प्रकाशकांनी ते हस्तलिखित परत पाठवले. गोष्ट वाईट म्हणून नव्हे, तर ती ज्या रूपात हवी होती त्या रूपात ती नव्हती म्हणून. त्या काळी नाताळच्या बाजारात मोठ्या आकाराची, रंगीत, शक्यतो पद्यात लिहिलेली बालपुस्तके चालत. पॉटर यांचे पुस्तक याच्या उलट होते. आकार छोटा, मजकूर गद्य आणि चित्रे काळ्या-पांढऱ्या रेषांची.

पॉटर यांची भूमिका हट्टाची वाटली तरी तिच्यामागे विचार होता. पुस्तक लहान मुलाच्या हातात मावले पाहिजे. उघडलेल्या दोन पानांत एकीकडे चित्र आणि दुसरीकडे दोन-चार ओळी असल्या, म्हणजे पान उलटण्याची उत्सुकता टिकते. आणि किंमत एका शिलिंगाच्या आसपास हवी. एका पौंडाचे वीस शिलिंग होत. म्हणजे ही किंमत पौंडाचा विसावा भाग. सहा शिलिंगांचे एक देखणे पुस्तक काढण्यापेक्षा एकेका शिलिंगाची दोन-तीन पुस्तके काढणे त्यांना पसंत होते, कारण आपले छोटे वाचक आणि त्यांच्या आया सहा शिलिंग खर्च करणार नाहीत हे त्या जाणून होत्या. सगळीच चित्रे रंगीत केली तर किंमत वाढणार. शिवाय ससे तपकिरी आणि पाला हिरवा, त्यात रंगांची गंमत ती काय, असाही त्यांचा मुद्दा होता. हा शेवटचा अंदाज मात्र पुढे चुकीचा ठरला.

छोट्या आकाराचे वारे तेव्हा वाहू लागले होतेच. १८९९ साली हेलन बॅनरमन यांचे ‘लिटल ब्लॅक सॅम्बो’ लंडनमध्ये गाजले. वर्णभेदी चित्रणामुळे आज ते टीकेचे धनी असले, तरी हातात मावणाऱ्या आकारामुळे तेव्हा ते चटकन लोकप्रिय झाले. बॅनरमन या भारतात राहणाऱ्या. त्यांचे डॉक्टर पती पुढे मुंबईत परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेचे प्रमुख होते. बॅनरमन यांच्या पुस्तकाचे हक्क अवघ्या पाच पौंडांत विकले गेले आणि पुढे त्याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या, तरी लेखिकेला त्यावर काहीच सांगता आले नाही. पॉटर यांची वाट नेमकी इथेच वेगळी झाली.

२५० प्रती कशा छापल्या?

नकारांचा ढीग जमल्यावर पॉटर यांनी स्वतःची बचत बाहेर काढली आणि लंडनच्या ‘स्ट्रेंजवेज’ या मुद्रकांकडे काम दिले. आतली चित्रे काळ्या रेषांची असल्याने त्यांचे ब्लॉक तुलनेने स्वस्तात झाले. फक्त मुखचित्र रंगीत. ते तेव्हा नव्याने रुळत असलेल्या तिरंगी छपाईच्या तंत्राने फ्लीट स्ट्रीटवरील हेन्शेल यांच्याकडून करून घेतले. १६ डिसेंबर १९०१ रोजी २५० प्रती हातात आल्या. लेखिका, चित्रकार आणि प्रकाशक एकच. वय ३५.

काही प्रती नातलगांना आणि मित्रपरिवाराला भेट गेल्या, काही विकल्या. मागणी इतकी आली की लवकरच आणखी २०० प्रती छापाव्या लागल्या. त्यांच्यावर फेब्रुवारी १९०२ ही तारीख आहे. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनीही आपल्या मुलांसाठी प्रत घेतली आणि त्यांचे मत अनुकूल असल्याचे पॉटर यांच्या कानावर आले.

या साडेचारशे प्रतींचे मोल त्यांच्या विक्रीत नव्हते. कागदावरच्या कल्पनेला नकार देणे सोपे असते. हातात धरता येईल, मुलाला वाचून दाखवता येईल अशा वस्तूला नकार देणे अवघड. पॉटर यांच्याकडे आता पुस्तकाचा नमुना होता, त्याला वाचक आहेत याचा पुरावा होता आणि मुख्य म्हणजे वाटाघाटीला बसताना हात रिकामे नव्हते.

मग प्रकाशक कसा मिळाला?

दरम्यान रॉन्सली यांनी पीटरची गोष्ट पद्यात रचून ती प्रकाशकांकडे नेली होती. ‘फ्रेडरिक वॉर्न अँड कंपनी’ या प्रकाशनसंस्थेने आधी नाकारलेल्या पुस्तकाचा पुन्हा विचार केला. त्यांना पद्य नको होते, पॉटर यांचे साधे गद्यच हवे होते. अट एकच, चित्रे रंगीत हवीत. छपाईचे तंत्र स्वस्त होत चालल्याने रंग आणि कमी किंमत यांची सांगड घालता येईल अशी खात्री पटल्यावर पॉटर यांनी ती मान्य केली. चित्रांची संख्याही कमी करून तीसच्या आसपास आणली गेली. आकार मात्र छोटाच राहिला.

जून १९०२ मध्ये करार झाला. त्याआधीच्या पत्रव्यवहारात आपले वडील भेटीला सोबत येण्याचा आग्रह धरतील, अशी कल्पना पॉटर यांनी प्रकाशकांना आधीच देऊन ठेवली होती. पस्तिशीतील लेखिकेला व्यवहाराच्या बैठकीला एकटीने जाणेही गृहीत धरता येत नव्हते. तरीही करारातील कलमे, हक्क कोणाकडे राहणार, ब्लॉक कोणाचे, या प्रश्नांचा पाठपुरावा त्या स्वतः करत होत्या.

ऑक्टोबर १९०२ मध्ये ८,००० प्रतींची आवृत्ती निघाली, ती प्रकाशनाआधीच संपल्यात जमा होती. वर्ष संपेपर्यंत २८,००० प्रती छापल्या गेल्या. रंगांबाबत प्रकाशक बरोबर ठरले, आकार आणि किंमत यांबाबत लेखिका. दोघांनी आपापला एक मुद्दा सोडला आणि पुस्तक उभे राहिले.

यश मिळाल्यावर पुन्हा स्वखर्चाचा मार्ग का?

पीटर दुकानांत झळकत असतानाच डिसेंबर १९०२ मध्ये पॉटर यांनी ‘द टेलर ऑफ ग्लॉस्टर’ हे पुस्तक पुन्हा स्वतःच्या खर्चाने छापले. या वेळी ५०० प्रती. आता प्रकाशक हाताशी होता; मग हा खटाटोप कशासाठी?

गोष्ट ग्लॉस्टर गावातल्या एका खऱ्या शिंप्याभोवती प्रचलित असलेल्या हकिकतीवरून सुचलेली. आजारी शिंप्याचे अर्धवट राहिलेले जाकीट उंदीर रात्रीतून शिवून देतात. पॉटर यांनी तिच्यात नाताळच्या रात्री प्राणी गातात म्हणून जुनी बालगीते भरपूर घातली होती. त्या गीतांवर प्रकाशक कात्री चालवणार, शिवाय पहिल्या पुस्तकापाठोपाठ लगेच दुसरे काढायला ते राजी होणार नाहीत, हे त्यांनी ओळखले. म्हणून आपल्या मनाजोगती आवृत्ती आधी छापून ठेवली. अंदाज खरा ठरला. १९०३ मध्ये ‘वॉर्न’ने काढलेल्या आवृत्तीत मजकूर आणि गीते कमी झाली. त्यांनी ती काटछाट स्वीकारली, पण मूळ रूप तोवर कागदावर उतरलेले होते. स्वतःच्या सर्व पुस्तकांत हेच त्यांना सर्वात आवडते राहिले.

म्हणजे पहिल्या वेळी प्रकाशक मिळत नव्हता म्हणून, तर दुसऱ्या वेळी प्रकाशक काय करील हे कळले होते म्हणून त्यांनी स्वतः पुस्तक छापले.

स्वामित्व हक्काचा धडा महाग कसा पडला?

‘वॉर्न’कडून एक मोठी चूक झाली. ‘पीटर रॅबिट’चा स्वामित्व हक्क अमेरिकेत नोंदवलाच गेला नाही. १९०४ पासून तिथे चोरट्या आवृत्त्या निघू लागल्या आणि त्यांचा एक पैसाही लेखिकेला मिळाला नाही. आपल्या पुस्तकाला इतके मोठे परदेशी वाचक मिळावेत आणि त्यावर आपला हक्कच नसावा, ही बोच कायम राहिली.

पॉटर यांनी मात्र यातून व्यवहार शिकून घेतला. पीटरची कापडी बाहुली त्यांनी स्वतः शिवून पाहिली आणि २८ डिसेंबर १९०३ रोजी तिची रीतसर नोंदणी करून घेतली. पुढच्या वर्षी पाठलागाचा पटावरचा खेळ तयार केला. भिंतीचा कागद, चिनीमातीची भांडी, अशा वस्तूंवर आपली पात्रे वापरायला परवाने दिले, नमुने स्वतः तपासले आणि चित्र बिघडलेले दिसले की परत पाठवले. पुस्तकातील पात्राचा असा शिस्तशीर व्यापारी वापर तेव्हा फारसा कोणी केलेला नव्हता.

तिसरी वेळ आली ती १९२९ मध्ये, साठी उलटल्यावर. ‘द फेअरी कॅरॅव्हॅन’ हे पुस्तक त्यांनी अमेरिकी वाचकांच्या आग्रहाखातर फिलाडेल्फियातील प्रकाशकाला दिले. आपल्या गावातील माणसे आणि जनावरे त्यात ओळखू येतील म्हणून इंग्लंडमध्ये ते प्रसिद्ध व्हावे अशी त्यांची इच्छा नव्हती. पण इंग्लंडमध्ये छापलेच नाही, तर तिथला हक्क जाण्याचा धोका. पॉटर यांनी घराजवळच्या अँबलसाइड गावात शंभर प्रती स्वखर्चाने काढून घेतल्या. त्या प्रती विक्रीसाठी नव्हत्याच, फक्त हक्क राखण्यासाठी होत्या. पंचवीस वर्षांपूर्वीचा धडा त्या विसरल्या नव्हत्या.

या पैशाने त्यांचे आयुष्य कसे बदलले?

‘वॉर्न’मध्ये पॉटर यांचे काम पाहणारे नॉर्मन वॉर्न हे मालक कुटुंबातील धाकटे बंधू. पानांची मांडणी, चित्रांचा क्रम, शब्दांची निवड यांवर दोघांत जवळपास रोज पत्रे जात. २५ जुलै १९०५ रोजी नॉर्मन यांनी लग्नाची मागणी घातली. मुलीने व्यापारी माणसाशी लग्न करावे हे पॉटर यांच्या आई-वडिलांना पसंत पडले नाही. त्यांच्या स्वतःच्या घराण्यांचा पैसा व्यापारातलाच होता, हे अलाहिदा. पॉटर यांनी तरीही होकार दिला. महिन्याभरात, २५ ऑगस्टला, ३७ वर्षांचे नॉर्मन रक्ताच्या आजाराने गेले. साखरपुडा जाहीरही झाला नव्हता, त्यामुळे उघडपणे शोक करण्याचीही सोय नव्हती.

त्याच वर्षी पुस्तकांच्या मानधनातून, वारशाने मिळालेल्या थोड्या रकमेची जोड देऊन, पॉटर यांनी लेक डिस्ट्रिक्टमधील नीअर सॉरी या खेड्यात ‘हिल टॉप’ नावाची शेतवाडी विकत घेतली. पुढच्या आठ वर्षांत त्यांची बरीचशी उत्तम पुस्तके याच परिसराच्या चित्रांनी सजली. आई-वडिलांच्या सेवेत लंडनला राहायचे आणि सवड मिळेल तशी शेतावर धाव घ्यायची, असा तो काळ. शेजारची जमीन घेण्याच्या व्यवहारांत विल्यम हीलिस या स्थानिक वकिलांची मदत झाली. १५ ऑक्टोबर १९१३ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, पॉटर यांनी त्यांच्याशी लग्न केले. घरच्यांचा विरोध याही वेळी होताच.

१९१७ मध्ये नॉर्मन यांचे बंधू हॅरल्ड बनावट हुंड्यांच्या प्रकरणात पकडले गेले आणि ‘वॉर्न’ कंपनी बुडण्याच्या बेतात आली. पॉटर यांचेही मोठे येणे थकलेले होते. त्या कंपनीला सोडून जाऊ शकल्या असत्या. त्याऐवजी त्यांनी जुन्या चित्रांमधून नवे पुस्तक जुळवून दिले आणि कंपनी पुन्हा उभी राहायला हात दिला. त्यात नॉर्मनच्या आठवणीचा भाग होता, तसाच हिशेबही. आपली सगळी पुस्तके त्याच कंपनीकडे होती.

शेवटची वर्षे कशात गेली?

लग्नानंतर पुस्तके कमी होत गेली. डोळे पूर्वीसारखे साथ देत नव्हते आणि मन शेतीत गुंतले होते. १९२३ मध्ये त्यांनी ट्राउटबेक पार्क ही विस्तीर्ण डोंगरी शेतवाडी घेतली आणि तिथल्या मूळच्या, काटक हर्डविक जातीच्या मेंढ्यांचे कळप वाढवले. गावात त्या लेखिका म्हणून नव्हे, तर मेंढ्यांची पारख असलेल्या मिसेस हीलिस म्हणून ओळखल्या जात. जत्रांतील मेंढ्यांच्या स्पर्धांना त्या परीक्षक म्हणून जात. १९४३ मध्ये हर्डविक मेंढीपालकांच्या संघटनेने त्यांची पुढील अध्यक्ष म्हणून निवड केली. ते पद मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या असत्या, पण सूत्रे हाती येण्याआधीच २२ डिसेंबर १९४३ रोजी त्यांचे निधन झाले.

मृत्युपत्राने ४,००० एकरांहून अधिक जमीन, त्यावरच्या शेतवाड्या, घरे आणि मेंढ्यांचे कळप रॉन्सली यांनी स्थापलेल्या ‘नॅशनल ट्रस्ट’कडे गेले. डोंगरावरचे मेंढपाळ कुळांनी तिथेच राहावे आणि हर्डविक मेंढ्याच पाळल्या जाव्यात, ही त्यामागची इच्छा. लेक डिस्ट्रिक्टचा जो भाग आज बंगले आणि हॉटेलांपासून बचावलेला दिसतो, त्यात एका शिलिंगाच्या छोट्या पुस्तकांचा वाटा आहे.

आजच्या लेखकांनी यातून काय घ्यावे?

नाकारलेले प्रत्येक पुस्तक ‘पीटर रॅबिट’ नसते, हे आधी मान्य करायला हवे. पॉटर यांच्याकडे बचत होती, राहायला घर होते, रॉन्सलींसारखे ओळखीचे लोक होते. पुस्तक फसले असते तर त्या उपाशी राहिल्या नसत्या. पोटाला चिमटा काढून पुस्तक छापणाऱ्याची जोखीम याहून मोठी असते. शिवाय २५० प्रतींपासून २८,००० प्रतींपर्यंतचा पल्ला त्यांनी एकट्याने गाठलेला नाही. रंगीत छपाई, दुकानांपर्यंतची पोच आणि नॉर्मनसारखा संपादक हे प्रकाशनसंस्थेकडूनच आले.

तरी एक गोष्ट उरते. पहिल्यांदा पुस्तक वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून, दुसऱ्यांदा ते आपल्या मनासारखे राहावे म्हणून आणि तिसऱ्यांदा ते आपल्या मालकीचे राहावे म्हणून त्यांनी स्वतः छापले. काय सोडायचे आणि काय सोडायचे नाही, हे त्यांनी दर वेळी आधी ठरवले होते. रंगांबाबत ऐकले, आकाराबाबत नाही. काटछाट सोसली, पण मूळ प्रत छापून ठेवल्यावर. जिच्या विज्ञानाच्या निबंधाला सभेत जागा मिळाली नाही आणि लग्नाच्या निर्णयालाही घरातून परवानगी मिळाली नाही, त्या बाईसाठी ते २५० प्रतींचे पुस्तक म्हणजे पूर्णपणे स्वतःच्या मताने केलेले पहिले काम होते. पुढची शेती, जमीन आणि स्वातंत्र्य हे सारे त्याच्यामागून आले.